पावसाळ्याआधी गाडीचं ऑइल बदलताय? आधी गाडीचं पुस्तक उघडा

पाचाड (ता. महाड) : रायगडावर येणारे पर्यटक, महाडचा बाजार, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, आपल्या भागातल्या गाड्यांच्या वाट्याला सपाट रस्ता कमीच. महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच. भरल्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिन तापतं आणि सगळा भार ऑइलवर येतो. त्यामुळे ऑइल स्वस्त बघून किंवा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून टाकू नका.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

5डब्ल्यू-30 किंवा 15डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनात लवकर वरपर्यंत पोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला जाडपणा सांगतो. ‘जाड ऑइल म्हणजे चांगलं’ हा समज चुकीचा आहे. नव्या इंजिनातल्या बारीक वाटांतून जाड ऑइल वेळेत पोचत नाही.

आकड्यांसोबत एपीआयची अक्षरंही बघा. ‘एस’ने सुरू होणारी (एसएन, एसपी) पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारी (सीआय-4, सीके-4) डिझेलसाठी. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरला डीपीएफ फिल्टर असेल, तर कमी राखेचं ऑइलच लागतं. साधं टाकलं तर तो महागडा फिल्टर लवकर चोंदतो. चारचाकीचं उरलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये ओतू नका, क्लच घसरू शकतो.

नेमका ग्रेड आणि किती लिटर, हे गाडीच्या पुस्तकात असतं. घाट, धूळ, जादा वजन असा कठीण वापर असेल तर ऑइल लवकर बदला, असंही बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपला वापर त्यातच मोडतो.

घरी बदलायचं तर

• गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरलाच करा.
• सपाट, घट्ट जागा निवडा. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.
• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. ओल्या मातीत जॅक खचतो, त्यात जीव जाऊ शकतो.
• चेंबरचा बोल्ट सोडून ऑइल पूर्ण गळू द्या. बोल्टचा वॉशर नवा घाला. जास्त आवळलं तर आटे जातात.
• फिल्टर दरवेळी बदला. गोल डब्याचा फिल्टर असेल तर त्याच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावून हाताने आवळा.
• ऑइल भरून इंजिन मिनिटभर चालवा, गळती बघा. बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणंही वाईटच.

पुराचं पाणी शिरलं तर?

22 जुलै 2021 चा महाडचा पूर कोण विसरेल? गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका. बॅटरीची वायर काढा आणि डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. तशीच चालू केली तर इंजिन जाम होतं, आणि त्या नुकसानीचा विमा मिळतानाही अडचण येते. आधी विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून गॅरेजला न्या. डिझेलचं ऑइल नुसतं काळं झालं तर मात्र घाबरू नका, ते लवकर काळं होतंच.

जुनं ऑइल ओढ्यात नको

काढलेलं ऑइल शेतात, गटारात टाकलं तर ते पावसाबरोबर विहिरीत, गांधारी-सावित्रीत जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. नव्या ऑइलचं सील बघून, बिल घेऊनच खरेदी करा. रिकामा डबा भंगारात देताना भोक पाडा, म्हणजे त्यात नकली माल भरला जाणार नाही.

आठवड्यातून एकदा आणि घाट चढण्याआधी डिपस्टिक बघायला दोन मिनिटं पुरतात. ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मोबाइलमध्ये लिहून ठेवा.