विंचू, मेंदू आणि ‘मी’

मंडळी, मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, “सर, शरीराचा मालक कोण?” मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण आज उत्तर विंचवाकडून घेऊ.

समजा, अंधारात पायाला विंचवाने नांगी मारली. पाय झटकन मागे येतो. हा हुकूम मेंदूचा नव्हे. कातडीतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूला आज्ञा सुटते. ‘आई गं!’ हे नंतरचं. संदेश प्रमस्तिष्कात, म्हणजे मोठ्या मेंदूत पोचला, की मग वेदना ‘माझी’ होते. विचार, आठवण, भाषा हा कारभारही तिथलाच. तोल सांभाळतो मागचा अनुमस्तिष्क. श्वास आणि ठोके बघतो खालचा मस्तिष्कपुच्छ. साधारण सव्वा ते दीड किलोचा ऐवज, पण त्यात सुमारे 86 अब्ज चेतापेशी!

आता महत्त्वाचं. हृदय, आतडी, घाम, रक्तवाहिन्या यांना ‘तू’ आज्ञा देत नाहीस. ते काम स्वायत्त चेतासंस्थेचं. तिच्या दोन शाखा: अनुकंपी संकटात दौड करायला लावते, परानुकंपी विसावा देते. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणा ना.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष नेमकं इथे घाव घालतं. चेतापेशीच्या आवरणात सोडियमची दारं असतात. ती उघडली की संदेश निघतो, मिटली की थांबतो. विष ती दारं नीट मिटूच देत नाही. संदेश सुटतच राहतात. आधी उलट्या, दरदरून घाम; मग रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. आणि माणूस बहुधा शुद्धीवर असतो! ‘मी’ जागा आहे, पण कारभार हातात नाही.

1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे मरण जवळून पाहिलं. हे आपल्याकडचेच, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले. ते रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. 1982 साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. हे रक्तदाबाचं साधं औषध. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करतं. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीसेक दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा? अहो, पुष्कळ दंशांत नुसतीच वेदना असते. ती काही तासांनी आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला जातं. पण उलट्या, घाम, गार हातपाय दिसले, तर तिथे घालवलेला तास जिवावर बेततो. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

तर मालक कोण? माझं मत असं, की ‘मी’ मालक नव्हे, फार तर जागा राहणारा साक्षीदार. पण साक्षीदाराने नीट पाहिलं, लिहून ठेवलं, तर दुसऱ्याचा जीव वाचतो. बावस्करांनी तेवढंच केलं. आणि ते थोडं नाही.