मसाल्याचा चहा आणि रोजचें आरोग्य

चहांत आलें, दालचिनी, मिरी, वेलची घालण्याची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. परंतु अलीकडे त्या पेल्याला औषधाची योग्यता देण्यांत येऊं लागली आहे. ‘यांत अँटिऑक्सिडंट भरपूर’ असें डब्यावर छापलेलें असतें आणि साधा गृहस्थ अधिक दाम मोजून तो डबा घरीं आणतो. तेव्हां हें अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, घरच्या चहांत तें कोठून येतें, आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा करावी व कोणती करूं नये, याचा आज थोडा विचार करूं.

नीरफणस चिरून ठेवला कीं त्याच्या फोडी काळवंडतात. पावसाळ्यांत विळीच्या पात्याला गंज चढतो. फार दिवसांचें तेल खवट होतें. या तिन्ही गोष्टींत हवेंतील प्राणवायूचा हात असतो. प्राणवायूच्या या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरांतही अन्नापासून शक्ति निर्माण होत असतां कांहीं अस्थिर कण उत्पन्न होतात व ते पेशींस इजा करूं शकतात. त्यांस आवर घालण्याची योजना शरीरांत निसर्गानेंच केलेली आहे. शिवाय फळें, भाज्या, मसाले व चहा यांतील कित्येक द्रव्यें प्रयोगशाळेंत हेंच कार्य करतांना दिसतात. अशा द्रव्यांस अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक, हें नांव आहे.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग हें द्रव्य पोटांत जितकें अधिक जाईल तितकें बरें. परंतु परीक्षानळींत जें घडतें तें देहांत घडतेंच असें नाहीं. फिनलंड देशांत सुमारें २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चांचणी झाली. त्यांपैकीं कांहींना बीटा-कॅरोटिन या ऑक्सिडीकरणरोधकाच्या गोळ्या अनेक वर्षें देण्यांत आल्या. १९९४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हां त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहींच, उलट सुमारें १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. तात्पर्य, हीं द्रव्यें अन्नाच्या वाटेनें व अन्नाच्या प्रमाणांत यावींत, हेंच शहाणपणाचें.

आतां आपल्या पेल्याकडे वळूं. चहाच्या पानांत कॅटेचिन नांवाचीं द्रव्यें असतात. काळा चहा तयार करतांना त्यांचें रूपांतर होऊन चहाला लाल रंग व तुरटपणा येतो. गवती चहाचा सुवास सिट्रल नांवाच्या द्रव्याचा असून लिंबाच्या सालींतही तेंच असतें. आल्याचा तिखटपणा जिंजरॉलचा. आलें वाळलें कीं त्यांतील कांहीं जिंजरॉलचें शोगॉल बनतें, आणि म्हणून सुंठ ओल्या आल्याहून अधिक झोंबते. मिरींत पायपरीन आहे. यांतील पुष्कळशी सामग्री आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत परसांतच मिळते. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें नारळीच्या बागेंत मिरी, दालचिनी व जायफळ लावण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत शेतकऱ्यांपुढें ठेवली, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण तेज’ ही दालचिनीची जात दिली.

दालचिनीसंबंधीं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बाजारांत त्या नांवानें दोन निरनिराळ्या साली विकल्या जातात. खरी दालचिनी कागदासारखी पातळ असते. तिच्या नळींत अनेक पदर असतात व ती बोटांनीं सहज मोडते. दुसरी, कॅशिया नांवाची साल, जाड, कठीण व बहुधा एकपदरी असते. या दुसरींत कूमॅरीन नांवाचें द्रव्य पुष्कळ असून तें अधिक प्रमाणांत रोज पोटांत गेल्यास कांहीं माणसांच्या यकृतास बाधतें. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागें ०.१ मिलिग्रॅम ठरविली आहे. खऱ्या दालचिनींत तें अत्यल्प असतें. म्हणून रोज वापरावयाची असेल तर आपल्या बागेंतली किंवा पारखून घेतलेलीच वापरावी.

आतां कृति. दोन माणसांकरितां अडीच पेले पाणी घ्यावें. त्यांत गवती चहाचीं दोन पातीं, अर्ध्या पेराएवढें ठेचलेलें आलें, तेवढाच दालचिनीचा तुकडा, दोन भरडलेल्या मिऱ्या व एक वेलदोडा घालून, वर झांकण ठेवून, मंद आंचेवर पांच मिनिटें उकळावें. झांकण अवश्य हवें. कारण सुवासिक तेलें उडून जाणारीं असतात, व घरभर जो वास दरवळतो तो पेल्यांतून वजा झालेला असतो. नंतर भांडें खालीं उतरवून त्यांत सपाट दोन लहान चमचे चहापूड टाकावी, पुन्हा झांकावें आणि तीन-चार मिनिटांनीं गाळावें. पूड विस्तवावर खदखदवूं नये. तसें केल्यानें तुरटपणा फार उतरतो, तो झांकण्यास साखर लागते, आणि साखरेनें सगळ्या गुणांवर पाणी पडतें. दूध हवें त्यानें थोडें घ्यावें. जायफळ घालणें झाल्यास केवळ चिमूटभर. अधिक जायफळ विषारी ठरतें.

साखरेचा हिशेब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. लहान चमचाभर साखर सुमारें ४ ग्रॅम भरते. दिवसाचे चार पेले व पेल्यास दोन चमचे धरले तर ३२ ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें जी अधिक हितकर मर्यादा सुचविली ती सुमारें २५ ग्रॅमच आहे. मसाल्याचा खरा उपकार येथें आहे. चव व सुगंध भरपूर असला कीं साखर निम्मी केली तरी जीभ कुरकुरत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-धान्यांतील लोह शरीरांत शोषलें जाण्याचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं येऊं शकतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हां घरांतील लेकी-सुनांनीं तरी जेवण व चहा यांत तासाभराचें अंतर राखावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०२० च्या सांथींत आयुष मंत्रालयानें तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ भाग अशा काढ्याची शिफारस केली होती. त्याचें मान ३ ग्रॅम पूड व १५० मिलिलिटर पाणी, दिवसांतून एक-दोन वेळां, इतकेंच होतें. पुष्कळ घरांत मात्र तो पाण्यासारखा पिण्यांत आला व लोकांचीं पोटें जळूं लागलीं. दालचिनीच्या पाण्यावर भिस्त ठेवून मधुमेहाची गोळी सोडणारी मंडळी आजही आढळतात. दालचिनीनें रक्तांतील साखर उतरते काय, यावरील चांचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. गोळी सोडल्यास ती वाढते, याविषयीं मात्र दुमत नाहीं. आणखी असें कीं, पायपरीनमुळें हळदींतील कर्क्युमिन रक्तांत सुमारें वीसपट उतरतें, असें १९९८ मध्यें बंगळूरच्या संशोधकांस दिसून आलें. जी मिरी हळदीचें बळ वाढविते ती एखाद्या औषधाचेंही वाढवूं शकेल. नित्य औषध घेणाऱ्यांनीं काढ्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानांवर घालावी, तीं याकरितां.

सारांश, मसाल्याचा चहा हा रोगावरील उपाय नव्हे. तो चांगल्या आहारांतील एक चांगला पेला आहे. तो हलका करावा, ताजा करावा, कमी गोड करावा, जेवणापासून दूर घ्यावा आणि दिवसांतून दोनदां घेऊन थांबावें. एवढें पथ्य पाळलें तर महागड्या डब्याची गरज पडणार नाहीं. परसांतलीं गवती चहाचीं दोन पातीं पुरतील.