उपलाचा शोध आणि सातिवलीचा कातळ

‘उपल’ हा शब्द संस्कृताशीं परिचय असणाऱ्या घरांत नवा नाहीं. यज्ञप्रकरणांत हविर्द्रव्य वाटण्यासाठीं जीं दोन साधनें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं खालचा पाटा ती ‘दृषद्’ आणि वरचा वरवंटा ती ‘उपला’. ‘दगड’ एवढाच साधा अर्थ असलेला हा शब्द व्यापाराच्या वाटेनें पश्चिमेस गेला, ग्रीकांनीं व रोमनांनीं तो एका विशिष्ट रत्नास लावला, आणि ‘ओपल’ हें रूप घेऊन तो आपल्याकडे परत आला, असें पुष्कळ भाषाविदांचें मत आहे. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी हा तर हिंदुस्थान हीच या रत्नाची जननी, असें लिहून गेला. नोनियस नांवाच्या एका सरदाराच्या ओपलावर मार्क अँटनीची नजर गेली. तेव्हां त्या गृहस्थानें सर्व मालमत्तेवर पाणी सोडलें, पण ती आंगठी तेवढी घेऊन देशत्याग केला, अशीही कथा त्यानें दिली आहे. रोमनांचे ओपल बहुधा हल्लींच्या स्लोवाकियांतील डोंगरांतून येत असावेत, असें आतां मानतात. तरीही नांवाचें माहेर आपलें, हा मान उरतोच.

म्हणूनच सातिवलीसारख्या गांवांतील एखाद्या मुलानें हातोडी-छिन्नी पुढें करून “आपल्या डोंगरांत ओपल सांपडेल काय?” असें विचारलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्याचा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये. प्रश्न शास्त्राचा आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत मुलाचें हितच आहे.

प्रथम ओपल म्हणजे काय तें पाहूं. गारगोटी, स्फटिक व अकीक ज्या सिलिका नामक द्रव्याचे झालेले असतात, त्याचाच ओपलही होतो. भेद असा कीं, ओपलाच्या अंगांत पाणी मुरलेलें असतें. बहुधा तें शेंकडा ६ ते १० भाग भरतें. भेगांतून झिरपणारें पाणी सिलिका विरघळवून घेतें आणि पोकळींत सावकाश सोडतें. तेथें तिचे अतिसूक्ष्म गोलक बसत जातात. हे गोलक एकाच आकाराचे होऊन नीट रचले गेले, तर प्रकाश त्यांत विभागला जातो व इंद्रधनुष्याचे रंग खेळूं लागतात. ते लहानमोठे व अस्ताव्यस्त राहिले, तर दगड दुधासारखा किंवा मेणासारखा दिसतो. हें रहस्य ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं १९६४ मध्यें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें उलगडलें. रंगीत व बेरंगी ओपलांत द्रव्याचा भेद नाहीं; भेद केवळ शिस्तीचा आहे!

आतां सातिवलीकडे वळूं. वसईच्या पूर्वेस मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतचें हें गांव आज कारखान्यांच्या गाळ्यांनीं गजबजलें आहे. पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून शिलारसाचे लोट बाहेर पडले. त्यांचा थिजलेला थर आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. आपल्या घरचा पाटा-वरवंटा बहुधा याच पाषाणाचा असतो. शिलारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढें पाण्यानें त्यांत नाना खनिजें भरलीं. त्यांत अकीक व स्फटिक येतात, तसेंच स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट इत्यादि झिओलाइट वर्गांतील मोत्यासारख्या कांतीचीं खनिजेंही येतात. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्यें पुरा झाला. त्याच्या खोदकामांत निघालेले असले सुंदर नमुने परदेशच्या संग्रहालयांत जाऊन बसले.

या पाषाणांत साधा, दुधट ओपल कोठें कोठें मिळतो. रंग खेळणाऱ्या ओपलाची आशा मात्र धरूं नये. कारण ओपल चिरंजीव नाहीं. काळ लोटतो तसें त्याचें पाणी सुटतें, अंतर्गत रचना बदलते, आणि त्याचें अकीकाच्या जातीच्या दगडांत रूपांतर होतें. इथिओपियाच्या वोलो प्रांतांत २००८ मध्यें रंगीत ओपलाचा मोठा साठा उघडकीस आला. तोही ज्वालामुखीच्याच खडकांत होता. पण त्या खडकाचें वय आपल्या पाषाणाच्या निम्म्याहून कमी आहे. आपल्या मुलास मिळालेला एखादा अकीक कोट्यवधि वर्षांपूर्वीं ओपलच असूं शकेल!

दोहोंची पारख घरीं करतां येते. अकीकानें ओपलावर ओरखडा उठतो, ओपलानें अकीकावर उठत नाहीं. कारण अकीकाचें काठिण्य ७ च्या जवळपास असतें, तर ओपलाचें साडेपांच ते साडेसहा. सारख्या आकाराचे तुकडे तोलले, तर ओपल हलका भरतो. तो पाण्याच्या सुमारें २·१ पट जड, तर अकीक २·६ पट. ओपल प्रखर उन्हांत ठेवूं नये. पाणी उडून त्यास तडे जाण्याचा संभव असतो.

या छंदास मर्यादाही आहेत. तुंगारेश्वर हें अभयारण्य आहे. १९२७ च्या वन कायद्यानें वनांतील खडक व खनिजें हींही वनोपज ठरविलीं आहेत, म्हणून तेथील खडाही उचलूं नये. खाणींत मालकाच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. सुरुंगानें सैल झालेल्या दरडीखालीं अथवा पाणी भरलेल्या खाणीच्या कांठीं मुलांस कदापि एकटें सोडूं नये. दगड फोडतांना डोळ्यांवर जाड चष्मा असावा. परवानगीनें बाहेर टाकलेल्या ढिगांतील दगड पाहावे. आरंभास तेवढें पुरे.

“पण घरांत हे दगड कशाला?” असा प्रश्न माजघरांतून येईलच. त्याचें उत्तर आपल्या देव्हाऱ्यांत आहे. पंचायतनांतील शाळिग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा. पूर्वजांनीं दगड पूजिले, तेव्हां त्यांचें स्थानही स्मरणांत ठेविलें. शास्त्राचा पहिला नियम हाच आहे. ज्याचें स्थान ठाऊक नाहीं, तो दगड कपाटाची शोभा होईल. ज्ञानास त्याचा उपयोग फारसा नाहीं.

आणि हें काम थांबण्यासारखें नाहीं. आपल्या पाषाणाचें अंतरंग खाणींमुळेंच उघडें होतें व खाणींमुळेंच नाहींसें होतें. सकाळीं सुरुंगानें उघडलेली पोकळी सायंकाळपर्यंत खडी होऊन रस्त्यावर जाते. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत १९८८ च्या सुमारास कॅव्हन्साइट हें गर्द निळें खनिज विपुल मिळालें. तें प्रथम अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत ओळखलें गेलें होतें. पण त्याचे जगांतील सर्वोत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. डोळस माणसांनीं ते तुकडे वेळींच उचलले नसते, तर तेही खडींतच गेले असते. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयांत महाराष्ट्राच्या पोटांतील हें वैभव पाहावयास मिळतें. मुलांस तें एकदां अवश्य दाखवावें.

वयाची सबबही कोणी सांगूं नये. १९१५ मध्यें दक्षिण ऑस्ट्रेलियांतील कूबर पीडी येथें वडिलांबरोबर सोन्याच्या शोधांत गेलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलासच प्रथम ओपल दिसला, आणि पुढें तें गांव ओपलासाठीं जगप्रसिद्ध झालें.

सातिवलीच्या मुलास तसा ओपल मिळणार नाहीं. परंतु प्रत्येक खड्यास क्रमांक घालून, वहींत गांव, जागा, दिनांक व खडकाचें वर्णन शुद्ध अक्षरांत लिहिण्याची संवय त्यानें लावून घ्यावी. तो पंचवीस वर्षांचा होईल, तेव्हां त्यानें पाहिलेली कडा कदाचित् जागेवर नसेल. मग तिच्या अंतरंगाचा दाखला त्या वहींत व त्या खोक्यांतच उरेल. घरांतील आजोबांनीं त्यास एक चांगली वही आणि खण पाडलेलें एक खोकें आणून द्यावें, एवढीच विनंती.