गप्पांची पत

रिकाम्या गप्पांना आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही. कामधंदा सोडून चकाट्या पिटणारा माणूस निरुद्योगी समजला जातो. तथापि लोकशाहीचा बराचसा व्यवहार अशा चकाट्यांतूनच चालतो, हे छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको. महापालिकेची 1988 साली झालेली पहिली निवडणूक असो की 1978 पासून 1994 पर्यंत धुमसत राहिलेला विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न असो, गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट येथील चहाच्या टपऱ्यांवर त्यांचा खल झाला. आणि तो क्रिकेटचा संघ, नवा सिनेमा व नळाला न आलेले पाणी यांच्या सोबतीनेच झाला.

या गप्पांना कोणी अध्यक्ष नसतो. पण शिस्त असते. टपरीवाला चहाची उधारी माणूस पाहून देतो, तसा श्रोताही विश्वास माणूस पाहूनच ठेवतो. ज्याने काल थाप मारली, त्याला आज त्याच बाकावर बसावयाचे असते. चारचौघांत हसे होणे ही त्याच्या थापेची किंमत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर कट्ट्यावरचे चलन म्हणजे बोलणाऱ्याची पत होय.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील डेटा कमालीचा स्वस्त झाला आणि कट्टा खिशात आला. गप्पांचे विषय बदलले नाहीत. बदलली ती किंमत. आलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्यास ना पैसा मोजावा लागतो ना पत. मजकूर खोटा ठरला, तर ‘मला आला तसा पाठवला’ एवढे उत्तर पुरते. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा सिद्धांत येथे शब्दांना लागू पडतो.

त्याची भीषण परिणती महाराष्ट्राने पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. एका अर्थाने हा अफवेवर बसविलेला करच होता.

अफवा मोबाइलनेच जन्माला घातली, असे मात्र नाही. जुलै 1978 मधील नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांची जाळपोळ झाली, तेव्हा कोणाच्याही हाती असे यंत्र नव्हते. शिवाय जुना कट्टा प्रामुख्याने पुरुषांचा होता. गुलमंडीवर स्त्रियांनी बसून राजकारणावर वाद घालावा, ही कल्पनाही त्या काळी कोणास रुचली नसती. आज गृहिणी, सिडकोतील विद्यार्थिनी, वाळूजचा पाळीवरचा कामगार हे सारे या गप्पांत सामील होऊ शकतात. हा लाभ लहान नव्हे.

म्हणूनच हा रोग दंडुक्याने बरा करण्याचा मोह धोक्याचा आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिणारी एक तरुणी आणि ते पसंत करणारी दुसरी, अशा दोघींना पालघर येथे अटक झाली. या प्रकरणात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. साध्या गप्पांची किंमत तुरुंग ठरली, तर खोटे बोलणारे गप्प बसत नाहीत. भिडस्त माणसे तेवढी गप्प होतात.

तेव्हा उपाय वापरणाऱ्यांच्याच हाती उरतो. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या गटांत हास्यविनोद अवश्य चालावा, पंचाच्या निर्णयावर तासभर भांडण व्हावे, मंत्र्यांची टिंगलही व्हावी. मात्र मजकूर पुढे पाठविणाऱ्याला ‘हे तुला कोठून कळले?’ एवढा प्रश्न त्याच गटात, सर्वांसमक्ष विचारला जावा. आणि थाप उघडी पडल्यास ती त्याच ठिकाणी दुरुस्त करण्याचा संकेत रुजावा. गप्पा स्वस्त असाव्यात. शब्द मात्र फुकट असू नये.