युद्धपट जरूर पाहा, पण यादी कुणाची तेही विचारा

चार सिनेमावेडे एकत्र बसले की गप्पा कुठे जाऊन पोहोचतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. नव्या चित्रपटाची चिरफाड संपली की कुणीतरी सुस्कारा टाकतो, ‘जुनं ते जुनं!’ मग युद्धपटांची पाळी येते. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ पाहिलास का? ‘व्हेअर ईगल्स डेअर’? ‘ग्रेट एस्केप’? हिंदीतले विचाराल तर चेतन आनंदांचा १९६४चा ‘हकीकत’ आणि जे. पी. दत्तांचा १९९७चा ‘बॉर्डर’. ज्याने पाहिला नसेल तो पूर्वी खिशातल्या चिठ्ठीवर नाव टिपून घ्यायचा, आता मोबाइलवर टिपतो. पुढच्या बैठकीत तोच दुसऱ्याला सांगतो, ‘हा बघच.’

यात वाईट काहीच नाही. उलट आमच्या वस्त्यांमध्ये सिनेमाची जाण अशीच वाढली. फिल्म सोसायटीचे सभासदत्व आणि इंग्रजी मासिकांतली परीक्षणे आमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आली नाहीत. जत्रेतला तंबू, रविवारचे दूरदर्शन, वर्गणी काढून भाड्याने आणलेला व्हिडिओ आणि गिरणीत किंवा रेल्वेत काम करणाऱ्या थोरल्या भावाने आवर्जून सांगितलेली नावे, हीच आमची शाळा. शिफारस हे आमचे विद्यापीठ होते असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच या शिफारशीकडे नुसती करमणूक म्हणून पाहून भागणार नाही. ‘हा बघ’ असे सांगणारा माणूस आपल्याला कुणाकडे पाहायला शिकवतो आणि कुणाकडे पाहायचे राहून जाते, असा आमचा सवाल आहे.

जुन्या युद्धपटांच्या बहुतेक याद्यांत हमखास असणारा चित्रपट घेऊ. डेव्हिड लीन यांचा १९५७चा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’. सात ऑस्कर मिळालेला, शिट्टीच्या धूनसाठी आजही आठवला जाणारा. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सयाम आणि ब्रह्मदेश जोडणारी रेल्वे बांधायला घेतली, त्या कामाला जुंपलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांची ही कथा. कर्नल निकल्सनचा ताठा, जपानी अधिकाऱ्याशी त्याची झुंज, शेवटी उडणारा पूल. चित्रपट म्हणून तो उत्तम आहे, आम्ही तो पुन्हा पाहू.

पण ती रेल्वे बांधली कुणी? गोऱ्या युद्धकैद्यांची संख्या साठ हजारांच्या वर होती आणि त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. हे दुःख खरेच आहे. मात्र त्याच मार्गावर दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर राबवले गेले. ब्रह्मी, मलय, जावाचे आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून ओढून नेलेले तमिळ. त्यांच्या मृत्यूंचे अंदाज ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत जातात. पटकी, उपासमार, मारझोड यांनी माणसे पटापट मेली आणि कित्येकांच्या नावाची नोंदही उरली नाही. मलायातल्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ मजुरांत अस्पृश्य ठरवलेल्या जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. गावातल्या गुलामीतून सुटायला समुद्र ओलांडलेल्या कुळांची लेकरे रेल्वेच्या रुळाखाली गेली. चित्रपटात त्यांना किती जागा आहे? जवळजवळ नाहीच.

याच चित्रपटाची आणखी एक गोष्ट. त्याची पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी लिहिली होती. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दोघेही हॉलिवूडच्या काळ्या यादीत. म्हणून पडद्यावर नाव लागले मूळ कादंबरीकार पिएर बूल यांचे आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. खऱ्या लेखकांना तो मान १९८०च्या दशकात, मरणोत्तर देण्यात आला. मजुराचे नाव गाळणाऱ्या जगाने लेखकाचेही नाव गाळले! गाळण्याची सवय लागली की ती एका ठिकाणी थांबत नाही.

म्हणून आम्हीही एक यादी पुढे ठेवतो. जुन्या सिनेमांपासूनच सुरुवात करू.

पहिला चित्रपट स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’, तोही १९५७चाच. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच सैन्य. बढतीच्या लोभापायी एक जनरल अशक्यप्राय हल्ल्याचा हुकूम देतो. हल्ला फसतो. मग अपयशाचे खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचे? भित्रेपणाचा आरोप ठेवून तीन शिपायांना गोळ्या घालायचे ठरते. ते तिघे कसे निवडले जातात ते लक्ष देऊन पाहा. एक चिठ्ठी टाकून. दुसरा, कारण त्याच्या अधिकाऱ्याने केलेल्या पापाचा तो साक्षीदार असतो. आणि तिसरा, कारण तो ‘समाजाला नकोसा’ माणूस असतो! नकोसा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना कुणी समजावून सांगायला नको. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५पर्यंत दाखवला गेला नाही.

दुसरा चित्रपट त्याहून जुना, झाँ रन्वार यांचा १९३७चा ‘ला ग्रांद इल्यूजियाँ’. यात एकही मोठी लढाई नाही. जर्मनांच्या कैदेतले फ्रेंच अधिकारी, एवढेच. जर्मन किल्लेदार खानदानी सरदार आहे आणि फ्रेंच कैद्यांतला एक अधिकारीही तसाच. शत्रू असूनही या दोघांचे लगेच जमते, कारण घराणी सारखी, शिष्टाचार सारखे. खोल्यांची झडती चालली असताना किल्लेदार या सरदाराचा शब्द प्रमाण मानतो. मात्र कामगार वर्गातून वर आलेला मारेशाल आणि ज्यू रोझेंथाल यांच्या शब्दाला त्याच्या लेखी किंमत नाही. देशांच्या सीमा उभ्या असतात आणि उच्च-नीचतेच्या सीमा आडव्या, हे रन्वार यांनी किती शांतपणे दाखवले आहे! याच चित्रपटात कैद्यांमध्ये एक काळा अधिकारी आहे. त्याने एक चित्र काढलेले असते, गुन्ह्याचा पाठलाग करणाऱ्या न्यायाचे. तो ते मोठ्या हौसेने सोबत्यांना दाखवू जातो. ते ओझरते पाहतात आणि आपल्या गप्पांत परत रमतात. काही सेकंदांचा प्रसंग आहे, चुकवू नका.

तिसरा ‘ग्लोरी’, १९८९चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात काळ्या सैनिकांची उभी राहिलेली ५४वी मॅसेच्युसेट्स रेजिमेंट ही त्याची कथा. पळून गेला म्हणून एका सैनिकाला सर्वांसमोर फटके मारले जातात. नंतर कळते की तो पायांत घालायला बूट शोधायला गेला होता. डेन्झेल वॉशिंग्टन यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि काळ्याला दहा, त्यातूनही कपड्यांचे पैसे कापून, असा तो हिशेब होता. ५४व्या रेजिमेंटने असा पगार घेण्यालाच नकार दिला आणि १८६४मध्ये अमेरिकी काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. हा चित्रपट मुख्यतः गोऱ्या कर्नलच्या नजरेतून सांगितला आहे. गुलामीतून सुटून लढवय्ये नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे याच रेजिमेंटमध्ये होते. चित्रपटात त्यांना जागा मिळालेली नाही.

मग स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली तर ती कशी दिसते? त्यासाठी सेनेगलकडे वळावे लागेल. उस्मान सेम्बेन स्वतः दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात शिपाई होते. त्यांनी थिएर्नो फाती सो यांच्यासह १९८८मध्ये ‘कॅम्प द थिआरॉय’ केला. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकी सैनिक डाकारजवळच्या छावणीत आपला थकलेला पगार मागतात. त्यांच्याजवळचे पैसे निम्म्या दराने बदलून देण्याचा डाव असतो. ते जनरलला अडवतात, तो अधिकाऱ्याचा शब्द देतो, ते विश्वास ठेवतात. रात्री रणगाडे येतात. नाझी छळछावणीत मनाने मोडून गेलेला एक सैनिक ते येताना पाहतो आणि सांगायचा आटापिटा करतो, पण वेडा म्हणून त्याचे कुणी ऐकत नाही. ही कपोलकल्पित कथा नाही. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने आपल्याच आफ्रिकी सैनिकांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा सरकारी आकडा ३५ मृतांचा होता आणि इतिहासकार तो मान्य करत नाहीत. हे हत्याकांड होते, अशी कबुली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांकडून यायला नोव्हेंबर २०२४ उजाडावे लागले.

आणि शेवटी रशीद बुशारब यांचा २००६चा ‘अँदिजेन’. इंग्रजीत त्याचे नाव ‘डेज ऑफ ग्लोरी’. फ्रान्सला मुक्त करायला लढलेल्या अल्जेरिया-मोरोक्कोच्या सैनिकांची ही कथा. जहाजावर जेवण वाढले जाते तेव्हा काळ्या सैनिकाला टोमॅटो नाकारला जातो. कॉर्पोरल अब्देलकादर टोमॅटोंची पेटी पायाखाली तुडवतो. मिळाले तर सर्वांना, नाहीतर कुणालाच नाही! पंगतीतून उठवले गेलेल्यांच्या नातवंडांना हा प्रसंग समजायला भाषांतराची गरज नाही. प्रमुख अभिनेत्यांना मिळून कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. वसाहतींतल्या या माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन फ्रान्सने १९५९पासून गोठवून ठेवले होते. चित्रपट प्रदर्शित होताच चर्चा पेटली आणि २००६मध्येच शिराक सरकारला ते फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीने आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. सुमारे ८० हजार म्हाताऱ्यांचा प्रश्न होता. मागची थकबाकी मिळाली नाही, हेही खरे. पण एका चित्रपटाने आजोबांचे निवृत्तिवेतन वाढवले, हे ‘सिनेमाने काय होते?’ असे विचारणाऱ्यांना जरूर सांगा.

आता आपल्या घराकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. १९४० साली फ्रान्समध्ये हिंदी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या होत्या, डंकर्कच्या माघारीतही होत्या. २०१७च्या ‘डंकर्क’मध्ये त्यांचा मागमूस नाही आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका रास्तच होती. पण इंग्रजांनी आपल्याला गाळले म्हणून ओरडणाऱ्यांनी आपण कुणाला गाळले, हेही पाहायला नको का?

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढाऊ जमाती’ची भाषा करत इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या कित्येक पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांना एका फटक्यात ‘बिगरलढाऊ’ ठरवले गेले. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये आणि पुढे १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१मध्ये ती मोडली. सुभेदार रामजींचे पुत्र बाबासाहेब १९४१मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. भरती, बंदी, अर्ज, पुन्हा भरती, पुन्हा बंदी आणि पुन्हा उभारणी! यापेक्षा नाट्यमय पटकथा आणखी कोणती हवी? तरीही लोकांच्या तोंडी असलेल्या हिंदी युद्धपटांतून या प्रश्नावर उभा असलेला एक तरी चित्रपट कुणी सांगावा.

‘सैनिकाला जात नसते, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता,’ असे काहीजण म्हणतील. खंदकात नसेलही. पण भरतीच्या रांगेत होती, हे वरच्या तारखाच सांगतात. आणि आम्ही कुणाचा आवडता चित्रपट हिसकावून घ्यायला निघालेलो नाही. ‘नॅव्हरोन’च्या तोफा उडताना आम्हीही टाळ्या वाजवल्या आहेत. ‘हकीकत’ पाहताना आमचेही डोळे भरून आले आहेत. आमचे म्हणणे इतकेच की तेवढ्यावर थांबू नका.

म्हणून वाचकांना एक विनंती. यापुढे कुणाला युद्धपट सांगाल तेव्हा नुसते नाव सांगू नका. हुकूम कोण देतो, मरतो कोण आणि युद्ध संपल्यावर पगार-निवृत्तिवेतन कुणाच्या हाती पडते, हे तीन प्रश्न सोबत द्या. वस्तीतल्या विहारात, वाचनालयात महिन्यातून एकदा असा एखादा जुना चित्रपट लावा. परभाषेचा असेल तर ज्याने आधी पाहिला आहे त्याने सुरुवातीला दहा मिनिटे मराठीत कथा सांगावी. आणि वस्तीतल्या निवृत्त जवानांना पुढच्या रांगेत बसवा. चित्रपट संपल्यावर त्यांना बोलते करा, ते काय सांगतात ते तरुणांनी वहीत लिहून घ्यावे. कुणी सांगावे, उद्या एखाद्या मुलाला त्याच वहीत आपल्या चित्रपटाची कथा सापडेल.