द्राक्षारिष्टाचे पिंप आणि वाईनची टाकी : संधानाचा एक पाठ

शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील दहावा अध्याय संधानकल्पनेचा आहे. पदवी अभ्यासक्रमात तो आपण सर्वांनी वाचला, आसव आणि अरिष्ट यांतील भेद परीक्षेत लिहिला, आणि व्यवसायात पडल्यावर आपल्यापैकी अनेकांनी तयार बाटली लिहून देण्यावर समाधान मानले. आमच्या मेहकरचे दैवत शार्ङ्गधर बालाजी. संहिताकाराशी त्याचा संबंध नामसाम्यापुरताच. परंतु ज्या गावात हे नाव रोज घेतले जाते तेथे आम्हीही काही वर्षे संधान सोडून दिले होते, ही गोष्ट मनाला लागून राहिली होती. ते का सोडले आणि पुन्हा कोणत्या बळावर सुरू केले, हे वैद्यबंधूंसमोर ठेवण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही द्राक्षारिष्टाचे सुमारे ४० लिटरचे संधान घातले. बुडबुड्यांचा आवाज थांबला, तेव्हा संधान पूर्ण झाले असे समजून गाळले आणि अर्धवट भरलेल्या पिंपात फडके बांधून ठेवले. महिनाभराने जुनाट कासाचे एक वृद्ध रुग्ण बाटली परत घेऊन आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमचं औषध आंबलं हो.” चव घेतली तेव्हा शुक्त झालेले होते. सर्व संधान ओतून द्यावे लागले. दोष पाठात नव्हता, आमच्या लक्षात होता. पण तेव्हा ते उमगले नाही, आणि आम्ही पिंप उलटे करून ठेवले.

पुढे नाशिक जिल्ह्यातील एका लहान वायनरीत फेब्रुवारीतील एक दिवस घालवण्याचा योग आला. महाराष्ट्रात हा उद्योग आता नवा राहिलेला नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेजची उभारणी केली. राजीव सामंत यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. यात इटलीचाही वाटा आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या रेव्हिलो वायनरीने सिसिलीतील नेरो द’आव्होला हे वाण लावले. अकलूजच्या फ्रातेल्लीत इटलीतील सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले. इटालियन भाषेत ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. तेथे टस्कनीचे सांजोवेझे हे वाण वाढते, आणि टस्कनीतील कियांती भागाचे पिएरो मासी यांनी तेथील वाईन घडवली.

टस्कनीतील लहान बागाईतदार आणि आपल्याकडील वायनरी यांची कृती मुळात एकच आहे. फरक ऋतूचा. तेथे द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात आणि पुढे थंडी येते. आपल्याकडे काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि पुढे उन्हाळा उभा असतो. म्हणून आपल्याकडे टाकीभोवती गार पाणी खेळवावे लागते.

घड सकाळच्या गारव्यात तोडतात. यंत्राने देठ वेगळे करून द्राक्षे फोडतात. रेड वाईनसाठी रस गाळत नाहीत. साली व बियांसह तो टाकीत जातो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. रसातील साखर त्या वेळी २२ ते २४ टक्के असते. किण्व घातल्यावर एक-दोन दिवसांत रस उसळू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडमुळे साली वर येऊन जाड थर बनतो. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबतात किंवा तळाचा रस पंपाने त्यावर सोडतात. तसे न केल्यास वरचा थर तापतो, सुकतो आणि आंबतो. तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास राखतात. आठ-दहा दिवसांत साखर जवळजवळ संपते. मग रस काढून घेतात, चोथा दाबतात, आणि जिवाणूंद्वारे मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात. त्यानंतर वाईन नितळून ओकच्या पिंपांत भरतात. प्रचलित पिंप २२५ लिटरचे. पिंपातून थोडे बाष्प उडते, म्हणून ते वरचेवर काठोकाठ भरतात. रिकाम्या जागेत हवा शिरली की मद्याचे शुक्त होते.

हे शेवटचे वाक्य ऐकताच आमचे अर्धवट भरलेले पिंप डोळ्यांसमोर उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही मनाशी शास्त्र ताडून पाहिले. वायनरीतील सालींचा थर म्हणजे आपल्या संधानात वर तरंगणारे प्रक्षेप द्रव्य. उसळण्याचा नाद, पात्रात धरलेली जळती काडी विझणे आणि संधान पूर्ण झाल्यावर ती जळत राहणे, ही लक्षणे आपण शिकलोच आहोत. पात्राला धूप देण्याची आपली रीत आणि पिंपात गंधक जाळण्याची त्यांची रीत, यांचा हेतू एकच. धान्यराशीत पात्र पुरणे हे उष्णता स्थिर राखण्याचेच साधन. धायटीची फुले तुरट, टॅनिनयुक्त. वाईनमध्ये ते काम द्राक्षाची साल करते.

मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. द्राक्षारिष्टात अर्धा तुला मनुका दोन द्रोण पाण्यात उकळून चतुर्थांश उरवतात आणि दोन तुला गूळ घालतात. द्रवद्वैगुण्य न्यायाने हिशेब केला तरी सुमारे १२ लिटर काढ्यात ९.६ किलो गूळ येतो. म्हणजे आरंभीच साखर ४० टक्क्यांच्या आसपास, वाईनच्या रसाच्या जवळजवळ दुप्पट. इतक्या साखरेत किण्व मंदावतो, म्हणून आपले संधान आठवड्यात नव्हे, महिन्याने सिद्ध होते आणि शेवटीही गोड राहते. प्रमाण बदलावे असे आमचे म्हणणे नाही. आरंभ मंद आहे म्हणून काळजी अधिक घ्यावी, एवढेच. शिवाय काढा उकळलेला असल्याने त्यात जिवंत किण्व उरलेला नसतो. धायटी वा किण्व काढा पूर्ण थंड झाल्यावरच घालावा. कोमट असताना केलेल्या घाईने संधान बिघडते.

मेहकरला परतल्यावर आम्ही तीन सवयी लावून घेतल्या. पहिली, तापमापक. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांपुढे जातो आणि डिसेंबरच्या रात्री गार असतात. म्हणून संधान ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातच घालतो. दुसरी, हायड्रोमीटर. नाद थांबला म्हणजे संधान पूर्ण झाले असे नव्हे. थंडीनेही तो थांबतो. विशिष्ट गुरुत्व लागोपाठ तीन-चार दिवस स्थिर राहिले तरच आम्ही गाळतो. गेल्या संधानात ते १.१७ वरून १.११ वर येऊन ३८ व्या दिवशी थांबले. तिसरी, वही. गुळाचे मूळ, घातल्याची तारीख, रोजचे आकडे, वास आणि चव तीत लिहितो. गाळल्यावर पात्र काठोकाठ भरून घट्ट झाकतो. तेव्हापासून शुक्त झालेले नाही.

दोन सूचना आवश्यक वाटतात. मोठे संधान बंद खोलीत असेल तर खाली वाकून पात्रात डोकावू नये आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. कार्बन डायऑक्साइड जड असतो, जीव घेतो. तसेच संधान पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्यास त्या फुटतात. रुग्णाच्या बाबतीत, मद्य सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणारा, यकृतविकारी, गर्भिणी आणि बालक यांना अरिष्ट देताना त्यातील स्वयंजनित मद्यार्काचा विचार झालाच पाहिजे. रुग्णाला हे विचारण्यास आपण अनेकदा विसरतो.

२००० साली अनुसूची ‘टी’ लागू झाली, तेव्हा लहान वैद्याने औषध बनवणे संपले असा समज अनेक ठिकाणी पसरला. तो बरोबर नाही. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध बनवले आणि बाजारात विकले नाही, तर त्याला त्या नियमांतून सूट आहे. फार्मसीचालकांना मात्र परवाना आणि अनुसूची दोन्ही पाळणे क्रमप्राप्त आहे. तापमान, गुरुत्व व वही ही त्रयी त्यांनाही तितकीच उपयोगी पडेल.

द्राक्षबागेकडून आपण मद्य घेऊ नये, शिस्त घ्यावी. कृती आपल्या ग्रंथात आहेच. तिच्याकडे रोज पाहण्याचे कष्ट आपल्याला घ्यावयाचे आहेत. ज्या वैद्यबंधूंचे पिंप कोपऱ्यात उलटे पडले असेल, त्यांनी येत्या श्रावणात ते धुऊन, धूप देऊन, लहानसे पाच लिटरचे संधान घालून पाहावे, आणि आपल्या वहीतील आकडे याच नियतकालिकातून इतरांस कळवावेत, ही नम्र विनंती.