दाबवाहिनींतील फिल्टरची निवड

ऐन गळिताच्या हंगामांत ऊसतोडणी यंत्राचा हायड्रॉलिक पंप बसला, म्हणजे मालकाचें नुकसान केवळ पंपाच्या किंमतीनें मोजतां येत नाहीं. फडांत पक्व ऊस उभा राहतो, तोडलेला वाळूं लागतो, वाहनें रिकामीं परततात. अशा बिघाडाचें मूळ पुष्कळदां तेलांतील अदृश्य कचऱ्यांत असतें. म्हणून तो कचरा अडविणारा फिल्टर कसा निवडावा, याचा विचार प्रत्येक यंत्रमालकानें करणें अगत्याचें आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम. त्याच्या आधारें जोसेफ ब्रामा यानें इ. स. १७९५ मध्यें इंग्लंडांत द्रवदाबाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारे हात आणि तोडणी यंत्राचीं पातीं आज याच नियमावर चालतात. २०० बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०४ किलोंचा भार. हा भार पेलणाऱ्या पंपांत व झडपांत सरकत्या भागांमधील फट थोड्याच मायक्रॉनांची असते. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनांहून बारीक कण नुसत्या डोळ्यांस बहुधा दिसत नाहीं. तेव्हां "तेल स्वच्छ दिसतें" हा पुरावा कुचकामाचा होय. पिंपांतून काढलेलें नवें तेलहि पुरेसें स्वच्छ असतेंच असें नाहीं.

तेल गाळण्याच्या जागा मुख्यतः तीन. पंप तेल ओढतो त्या वाटेवर जाड जाळी, टाकीकडे परतणाऱ्या वाटेवर एक फिल्टर आणि पंपाच्या पुढें दाबवाहिनींत दुसरा. या शेवटच्याचें काम असें कीं, पंप झिजून सुटलेला धातूचा चुरा पुढील झडपांत व मोटारींत जाऊं देऊं नये. मात्र त्यास पंपाचा पूर्ण दाब सोसावा लागतो.

यावरून निवडीची पहिली कसोटी दाबाची. यंत्रांतील रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबास उघडतो, त्याहून फिल्टरच्या कवचाची क्षमता अधिक असली पाहिजे; कारण झटक्यासरशीं दाब क्षणभर त्याच्याहि वर जातो. येथें एक घातक चूक घडते. परतवाहिनीचा पातळ पत्र्याचा डबा आटे जुळतात म्हणून दाबवाहिनींत बसविला जातो. तसले डबे सामान्यतः अगदीं थोड्या बारांसाठीं केलेले असतात; तेथें ते फुटतील. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असें मुळींच नव्हे.

दुसरी कसोटी प्रवाहाची. घट्ट विणीच्या लहानशा फडक्यांतून थंड काकवी गाळूं पाहिल्यास ती अडून बसते. तेंच गार तेलाचें. पौषाच्या पहांटे तेल दाट असतांना पंपाचा सारा प्रवाह फारसा अडथळा न होतां जाईल, एवढें फिल्टरचें क्षेत्रफळ हवें.

तिसरी कसोटी सूक्ष्मतेची. वेष्टनावर नुसतें "१० मायक्रॉन" छापलेलें असल्यास समाधान मानूं नये. त्या आकाराचे किती कण अडतात तें विचारावें. बीटा २०० म्हणजे त्या आकाराच्या व त्याहून मोठ्या दर २०० कणांपैकीं एकच पार जातो. बीटा २ म्हणजे निम्मे जातात. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकानें तीन आंकड्यांत सांगतात, आणि त्यांतील आंकडा एकानें वाढला म्हणजे कणांची संख्या दुप्पट झाली असें समजावें. पंपाच्या निर्मात्यानें जी स्वच्छता मागितली असेल, तीवरून सूक्ष्मता ठरवावी.

चौथी कसोटी पळवाटेची. कांहीं फिल्टरांत बायपास असतो. तो चोंदला कीं तेल न गाळतां पुढें जातें. यंत्र चालतें, पण झीज चालू राहते. जेथें बायपास नाहीं, तेथें आंतील एलिमेंट मोठा दाबफरक सोसणारा, भक्कम जातीचाच लागतो. साधा घातल्यास चोंदतांच तो चेंगरतो व त्याचेच तुकडे झडपांत शिरतात. दोन्ही प्रकारांत चोंदल्याची सूचना देणारा दर्शक अवश्य घ्यावा. तेल ऊन झाल्यावरहि त्यानें खूण दाखविली, तर एलिमेंट बदलण्यास विलंब करूं नये.

बदलतांना यंत्र बंद करून, उचललेला भाग जमिनीवर टेकवून, वाहिनींतील दाब पूर्ण सोडावा. गळती हातानें चांचपूं नये. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टिचभर दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावें, नाहीं तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते.

शेतकरी बंधूंनीं यंत्राच्या पुस्तिकेंतून कमाल दाब, प्रवाह, मागितलेली स्वच्छता व एलिमेंटचा क्रमांक या चार गोष्टी वहींत उतरून घ्याव्या आणि ती वही घेऊनच दुकानाची पायरी चढावी. हंगामापूर्वींची ही एका संध्याकाळची तसदी हंगामांतील पुष्कळ दिवसांचा खोळंबा वांचवील.